पुलामागे अडकलेली कवळी

पूलबांधणीनिपुण, फोटोप्रेषणचतुर, चिरंजीव धाकट्यास थोरल्या ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. साइटवरच्या मेसमधलं जेवण पोटाला बाधतं असं मागे म्हणाला होतास, तेव्हा पाणी उकळून पीत जा आणि उन्हात हिंडताना डोक्याला रुमाल बांधत जा. (डोक्यावर हेल्मेट असतं हे मला ठाऊक आहे. पण मोठ्या बहिणीनं सांगायचं ते सांगायलाच हवं, ते मी सांगितलं. आता पुढे.) माझे गुडघे आहेत तसेच आहेत. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तुझी आठवण काढतात. कशासाठी काढतात ते पुढे येईलच, आत्ताच खूश होऊ नकोस.

कागदावरचं पत्र बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. आमच्या पोस्टात खिडकीपाशी एक बाई बसतात. पाकीट हातात घेतलं की त्या आधी काट्यावर टाकतात, आणि जड भरलं तर तोंडावर सांगतात, तिकीट वाढवा नाहीतर मजकूर कमी करा. इतकी वर्षं मला त्या बाईंचा राग यायचा. आता त्यांचे पाय धरावेसे वाटतात, कारण तुझ्या त्या मेलच्या कारभारात अशी एकही बाई कुठे नेमलेली दिसत नाही. तिथे कोणीही उठावं, अख्खा पूल पाकिटात कोंबावा, तो बहिणीच्या दारात आणून टाकावा, आणि दार अडलं तर बहिणीनं बाहेर कसं पडायचं ते तिचं तिनं बघावं, अशी एकंदर पद्धत आहे. म्हणून मी निषेध म्हणून कागदावर लिहितेय. (शिवाय कागदावर रागावलेलं नीट दिसतं.)

आता काय झालं ते पहिल्यापासून सांगते. मध्येच शेवटचं पान बघू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

माझं काम काय आहे ते तू आजवर कधी धड ऐकून घेतलेलं नाहीस. "आमची ताई दातांचं काहीतरी करते," असं तू लोकांना सांगतोस. तर ऐक. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो डब्यातून माझ्याकडे येतो. त्यावरून मी प्लास्टरचा जबडा करते, त्यावर मेणात दात रचते, आणि ती मेणातली कवळी ट्रायलसाठी परत दवाखान्यात जाते. पेशंट ती तोंडात घालून आरशात बघतो, डॉक्टरीणबाई चावा बघतात आणि काय बदल हवा ते मला कळवतात. मग मी मेण काढते, त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरते, ते शिजवते, आणि कवळी पक्की होते. एकदा शिजली की शिजली, मग रडून उपयोग नाही. त्यामुळे मधली ती सूचना म्हणजे सगळ्या कामाचा जीव. पूर्वी ती डब्यातच चिठ्ठीवर यायची. पण डॉक्टरीणबाईंचं अक्षर इतकं दिव्य की एकदा मी वरच्या दातांचा बदल खालच्या दातांना करून ठेवला आणि एक गृहस्थ आठवडाभर ओठ मिटू शकले नाहीत. तेव्हापासून त्या मेल करतात. आणि तू तुझा जुना कॉम्प्युटर पार्सलनं पाठवून दिलास, तो माझ्या टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेशेजारी बसला. इथपर्यंत तुझे उपकारच आहेत, मी नाही म्हणत नाही.

तर मध्यंतरी एका आजोबांचं काम आलं. हे आजोबा आयुष्यभर बसस्थानकावर घोषणा करायचे. गाडी उशिरा येणार असली की तो आवाज इतक्या अदबीनं दिलगिरी व्यक्त करायचा की माणसाला वाटावं, जाऊ दे, बिचाऱ्या गाडीचंही काही कारण असेल. मी त्या आवाजावर भरवसा ठेवून तासन्‌तास बाकावर बसलेली आहे. त्यांच्या हिरड्या बिघडल्या म्हणून सगळे दात काढावे लागले. त्यात विशेष काही नाही, पुष्कळांचे काढतात. पण डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली मेणाची सुरी तशीच राहिली. आजोबांच्या पत्नीला विसरण्याचा आजार आहे. मुलगी कोण, शेजारीण कोण, दिवस की रात्र, सगळं पुसट झालंय. एक नवरा तेवढा ओळखू यायचा, आणि जेवायच्या त्याच्याच हातून. दात काढल्यावर आजोबांचे गाल आत गेले, बोलणं बदललं, आणि आजींनी त्यांनाही ओळखणं सोडलं. हा कोण बोळका म्हातारा घरात शिरलाय म्हणून त्या घाबरतात आणि त्याच्या हातचा घास घेत नाहीत. मुलगी येऊन भरवते तर चमचा बाजूला ढकलतात. बाई वाळत चालल्यात. तेव्हा ताई, हे काम सगळ्यात आधी करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बाकीचे सगळे जबडे फळीवर सरकवले आणि हे हातात घेतलं.

मेणातले दात मी असे रचले की स्वतःचीच पाठ थोपटावी. ट्रायल झाली, डबा परत आला. डब्यात नेहमीसारखं लिहिलेलं, "सूचना मेलवर." मी कॉम्प्युटर लावला, मोडेम नेहमीसारखा किंचाळला, लाइन लागली, आणि मेल उतरायला सुरुवात झाली. उतरता उतरेना. ती निळी पट्टी असते ना, ती मुंगीच्या पावलानं अर्ध्यापर्यंत आली आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, तर पट्टी पुन्हा पहिल्यापासून. मी चहा केला, प्यायले, कप विसळला, पट्टी अर्ध्यावर, लाइन तुटली. हा प्रकार दिवसभर चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. मी मेणातले ते दात समोर ठेवून बसले होते आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

त्यातच घरमालकीणबाई. आमचा फोन एकच, खाली माझ्याकडे एक आणि वर त्यांच्याकडे एक रिसीव्हर, हे तुला आठवत असेल. त्यांना फोन करायचा नसला तरी लाइन मोकळी आहे का ते बघायला त्या अधूनमधून रिसीव्हर उचलतात. उचलला की मोडेमचं किंचाळणं त्यांच्या कानात आणि माझी लाइन खल्लास. मग त्या जिन्यात येऊन विचारायच्या, काय गं, एवढं काय येतंय तुझ्याकडे. मी म्हणायची, भावाकडून काहीतरी येतंय. मग त्यांनी तुझी जी आठवण काढली ती मी कागदावर उतरवत नाही, पाकीट जड होईल. दवाखान्यात फोन करावा तर डॉक्टरीणबाई परगावी कसल्या परिषदेला गेलेल्या, आणि तिथली काउंटरवरची मुलगी प्रत्येक वेळी तेच सांगायची, मॅडमनी मेल केलाय. त्यांनीही मला फोन लावून पाहिला होता म्हणे, पण आमचा फोन सतत लागलेला. लागणारच. त्यातून तुझा पूल येत होता.

शेवटी मी पंख्याला बोलावलं. पंखा म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. तो बोलताना मान सावकाश डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे फिरवतो, त्यामुळे समोरच्या प्रत्येकाला थोडं थोडं वारं मिळतं, म्हणून सगळे त्याला पंखा म्हणतात. तो आला, बघितलं, आणि प्लास्टरच्या जबड्यांकडे मान फिरवत म्हणाला, "ताई, तुमचं सगळं टपाल तिकडे सर्व्हरवर पडून आहे. ते आल्या क्रमानं उतरतं. सगळ्यात पुढे एक अगडबंब मेल उभाय, तो दारात अडकलाय. तो पूर्ण आत आल्याशिवाय मागचे येणार नाहीत, आणि लाइन तुटली की तो परत पायरीवर जाऊन उभा राहतो." मी विचारलं, कोणाचा आहे. तो म्हणाला, "विषय लिहिलाय, 'ताई, शेवटचा गर्डर चढला, व्हिडिओ बघ.'" मी कपाळाला हात लावला. तिकडे एक बाई उपाशी, इकडे तिच्या नवऱ्याचे दात खोळंबलेले, आणि दारात कोण तर माझ्या सख्ख्या भावाचा गर्डर.

मग त्यानं उपाय सांगितला. कॉम्प्युटरला म्हणे सांगून ठेवता येतं, अमुक आकारापेक्षा मोठा मेल आला तर अख्खा उतरवू नको, नुसता विषय आणि सुरुवातीच्या ओळी आण, बाकीचं तिकडेच राहू दे. नंतर हवा असेल तर त्याच्यावर खूण करायची, पुढच्या खेपेला तो पूर्ण येतो. नको असेल तर तिकडच्या तिकडे पुसून टाकायचा. इतकी शहाणी सोय असताना ती आधीपासून का लावून ठेवत नाहीत, हे मला कळत नाही. त्यानं विचारलं, मर्यादा किती ठेवू. मी अशी भडकलेली, म्हणाले, सगळ्यात कमी जी असेल ती. तो म्हणाला, एवढी कमी नका ठेवू. मी म्हणाले, तू ठेव. त्यानं एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ठेवली.

आणि काय सांगू, धरणाचं दार उघडावं तसं टपाल आलं. तुझे सगळे मेल नुसत्या विषयानिशी ओळीनं उभे राहिले. "पूल, सकाळी." "पूल, दुपारी." "पूल, समोरून." "पूल, पलीकडून." "पूल, धुक्यात (नीट दिसत नाही)." नीट दिसत नाही तर पाठवतोस कशाला रे? त्या दिवशी मला फार बरं वाटलं, तुला पाटावर बसवून तोंडावर बोट ठेवायला लावल्यासारखं. आणि त्या रांगेच्या शेवटी डॉक्टरीणबाईंचा मेल होता. विषय, "आजोबांची कवळी, बदल, सोबत फोटो." फोटो जोडलेला, त्यामुळे तोही मर्यादेबाहेरचा, त्याचीही नुसती सुरुवात आलेली. सुरुवात अशी होती: "ट्रायल उत्तम. चावा बरोबर, रंग बरोबर. फक्त पुढच्या दोन दातांमध्ये जी फट." बस. तिथेच कापलेलं.

आता तू सांग, पुढच्या दोन दातांमध्ये जी फट, याच्यापुढे आमच्या धंद्यात कोणी काय लिहील? जी फट राहिलीय ती बुजवा, हेच ना? माझा जीव गेला. इतक्या वर्षांत माझ्या कामात फट म्हणून कोणी दाखवली नव्हती. भिंग लावून बघितलं, फट कुठे दिसेना. पण डॉक्टरीणबाई म्हणतात म्हणजे असेल, केसाएवढी का होईना. पंखा जाताना सांगून गेला होता की खूण करा, बाकीचं पुढच्या खेपेला येईल. मी खूण केलीही. पण पट्टी पुन्हा मुंगीच्या पावलानं निघाली आणि वर रिसीव्हर उचलला गेला. मग म्हटलं, जाऊ दे, फोटो काय बघायचा, फट ती फट. दोन्ही दात एकमेकांना असे चिकटवले की मधून धागा जाणार नाही, आणि कवळी शिजवली, घासली, चकाकवली, आणि दवाखान्यात पाठवून दिली. डॉक्टरीणबाई नव्हत्या, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी ती आजोबांना बसवून दिली. बसलीही छान.

दोन-तीन दिवसांनी दारावर टकटक झाली. बघते तर आजोबा. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, पण "आपल्याला तसदी देतोय, क्षमस्व," असं ते म्हणाले आणि तो आवाज ओळखून मी पटकन बाकावरून उठावं तशी उभीच राहिले. त्यांना आत बसवलं. त्यांनी कामाचं तोंड भरून कौतुक केलं. काही टोचत नाही, चावता येतं, जुने शब्द पुन्हा स्वच्छ उमटतात, शेजारी म्हणतात की वय कमी झालं. मग म्हणाले, "फक्त आमच्या घरून ओळख पटत नाहीये." आदल्या दिवशी ते नवी कवळी घालून आजींच्या समोर जाऊन बसले. आजी घाबरल्या नाहीत. उलट त्यांनी पदर सावरला, बसा म्हणाल्या, पाणी विचारलं, आणि म्हणाल्या, "आमचे हे बाहेर गेलेत, येतीलच. तुमचं काय काम होतं?" आजोबा म्हणाले, काही नाही, असंच आलो होतो. आणि संध्याकाळपर्यंत ते त्या खोलीत पाहुण्यासारखे बसून राहिले. घास पुढे केला तर आजी लाजल्या. परक्या माणसाच्या हातून कसं खाणार?

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही रे. गाडी उशिरा आहे, एवढंच सांगावं तसं सांगितलं. आणि मग अगदी संकोचानं विचारलं, तो फोटो आपल्याला मिळाला होता का. मी सरळ कॉम्प्युटरपाशी गेले, त्या मेलवर खूण केली, आणि जिन्यात जाऊन घरमालकीणबाईंना हात जोडले की आता मी सांगेपर्यंत रिसीव्हरला हात लावू नका. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. (तर त्या खाली येऊन बसल्या. वर राहिले तर हात जाईल म्हणाल्या.) मग आम्ही तिघं त्या निळ्या पट्टीकडे बघत बसलो. मी आणि घरमालकीणबाई नुसत्या तळमळत होतो. आजोबा शांत. वाट बघणाऱ्या माणसांना धीर देण्यात त्यांचा जन्म गेलाय. पट्टी अडली की ते हळूच म्हणायचे, "येईल. निघालीय म्हणजे येईल." मला त्या वेळी कुणीतरी असं म्हणायला हवंच होतं.

आला एकदाचा. आधी राहिलेला मजकूर वाचला: "फक्त पुढच्या दोन दातांमध्ये जी फट त्यांना पहिल्यापासून होती, ती हवी आहे. डावा दात किंचित वळलेला होता, तसाच ठेवावा. जुना फोटो त्यांच्या मुलीनं मुद्दाम मोठ्यात मोठा स्कॅन करून दिला आहे, नीट पाहावा." मी तो मोठ्यात मोठा फोटो उघडला, तर पडद्यावर नुसतं कपाळ. एवढा मोठा की माणूस पडद्यात मावेना. खाली सरकवत गेले, तेव्हा भुवया आल्या, मग डोळे, मग नाक, आणि मग ते दात. एकेक दात कपाटाच्या दाराएवढा. तरुणपणीचे आजोबा मायक्रोफोनपुढे बसून कुणाकडे तरी बघून खदखदून हसताहेत, दोन दातांमध्ये सुबक फट, आणि डावा दात जरासा बाहेर वळलेला, दारातून डोकावावं तसा. घरमालकीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड." आजोबा लाजले.

आता इथे मला तुझ्यापुढे कबूल करावं लागतंय, आणि ते माझ्या जिवावर आलंय. फोटो एवढा मोठा होता म्हणूनच काम झालं. पडद्याला मोजपट्टी लावून मला दाताची रुंदी आणि फट यांचं प्रमाण काढता आलं, किती अंशात वळलाय ते बघता आलं, अगदी डाव्या दाताच्या कोपऱ्याचा उडालेला टवकासुद्धा दिसला. फोटो लहान असता तर मला एक हसरा माणूस दिसला असता आणि मी पुन्हा अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं असतं. शिजलेल्या कवळीला एरवी कोणी हात लावत नाही, पण मी त्यांच्यासमोरच पुढचे दोन दात कापून काढले. नवे घेतले, कडेनं घासून अरुंद केले, टवका उडवला (चांगल्या दाताचा टवका उडवण्याआधी मी त्या दाताची माफी मागितली, खोटं कशाला सांगू), फट ठेवून मेणात बसवले आणि त्यांना आरसा दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हो. हा मी."

कवळी पक्की झाली तेव्हा डॉक्टरीणबाई परतल्या होत्या. त्यांनी ती बसवली, माझा कान धरला नाही पण धरल्यासारखं बघितलं, आणि आजोबांनी मला घरी यायचा आग्रह केला. मी पेशंटच्या घरी कधी जात नाही. पण गेले. लहानशी खोली, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आजी, हाताची हाडं दिसताहेत. मुलगी वाटी-चमचा घेऊन दारात उभी. आजोबा आत गेले, समोर बसले आणि नुसते हसले. आजींनी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही, थेट दातांकडे बघितलं. आणि इतक्या रागानं म्हणाल्या, "हे काय, किती उशीर केलात? मला भूक लागलीय." आजोबांनी वाटी घेतली. पहिला घास त्यांच्या हातून गेला, दुसरा गेला, तिसरा आजींनी स्वतःच तोंड पुढे करून मागून घेतला. मुलगी तोंड फिरवून दाराआड गेली. मीही गेले. आम्ही दोघी त्या दाराआड एकमेकींची ओळख नसताना एकमेकींचा हात धरून मनसोक्त रडलो, आणि आत आजोबा माफी मागत होते, अगदी बसस्थानकावर मागायचे तशी.

तर हे असं झालं. आता ह्यातून तू काय बोध घ्यायचा ते मी सांगते, तुझ्यावर सोडत नाही. यापुढे मेल पाठवताना आधी लहान मेल करून विचारायचं, ताई, पाठवू का. गर्डर, खांब, कठडा यांचे फोटो बारीक करून पाठवायचे, पुलाला त्याचं वाईट वाटत नाही. व्हिडिओ अजिबात नाही. धुक्यातलं काही नाही. तुझा तो शेवटचा गर्डर मी अजून पुसलेला नाही, तिकडे सर्व्हरवर पायरीवर उभाच आहे. त्यावर खूण करायची की पुसायचा ते मी या पत्राच्या उत्तरावर ठरवणार आहे. पोटाला जप. घरमालकीणबाईंचा तुला नमस्कार, त्यांचा राग निवळलाय. आता त्या रिसीव्हर उचलण्याआधी जिन्यातून ओरडून विचारतात, त्यामुळे मोडेमपेक्षा त्यांचाच आवाज जास्त होतो.

तुझी,
ताई

ता. क. पंखा येऊन मर्यादा जरा वाढवून गेला. आता शहाण्या माणसांचे मेल येतात, तुझे अडतात. मला ही व्यवस्था पसंत आहे.

ता. क. चा ता. क. वर रागानं बरंच लिहिलंय, ते खोडत नाही, खोडलं तर पान घाण दिसतं. पण काल कोणी नसताना मी बसून तुझे सगळे फोटो उतरवून घेतले. एकेक करून. गर्डरसुद्धा. चांगला चढवलायस. पूल मला समोरून जास्त आवडला.

अजून एक, मग पाकीट बंद करते. त्या सगळ्यांत पूल आहे, तू एकातही नाहीस. एका ठिकाणी लांब खांबावर पिवळं हेल्मेट दिसतं, ते तू आहेस असं मी घरमालकीणबाईंना ठोकून दिलं, पण मला खात्री नाही. आजोबांच्या घरून आल्यापासून मी आठवून बघतेय, तुझा पुढचा दात कुठल्या बाजूला कललेला आहे. जन्मभर लोकांचे दात करते आणि मला माझ्या भावाचे दात आठवेनात. तेव्हा एक फोटो पाठव, तुझा, जवळून, हेल्मेट काढून, तोंड भरून हसताना. बारीक करू नकोस. पडद्यावर नुसतं कपाळ आलं तरी चालेल, मी खाली सरकवत जाईन.